रविवारी दिवस नसतो

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं होतं. पुठ्ठ्याचा मोठा तक्ता, फूटपट्टी, चार रंगांच्या चिठ्ठ्या, टाचण्यांची डबी, खोडरबर, आणि या पसाऱ्यासमोर चष्मा कपाळावर चढवून बसलेले उपमुख्याध्यापक. शाळेत त्यांना उपमुख्याध्यापक कोणी म्हणत नसे, सगळे वेळापत्रक सर म्हणत. बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक त्यांनी एकट्याने बसवलं होतं. बावीस वर्षांत दोन शिक्षक एकाच वर्गाच्या दारात कधी भेटले नव्हते आणि एकही वर्ग शिक्षकाविना राहिला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता असं म्हणणं कमीच आहे. हा विषय कोणी काढला नाही तर ते स्वतः काढत.

"अहो, टेबल मोकळं करता का? जेवायचं कुठे?" बायकोने विचारलं. त्या पोस्टात काउंटरवर बसत. तिथे सगळे त्यांना बाई म्हणत, म्हणून आपणही बाईच म्हणू.

"काय जेवायचं ते आधी ठरू दे," सर म्हणाले. "कुठे ते मग बघू."

ठरवायला कारण होतं. गुरुवारी रक्ताचा रिपोर्ट आला होता. साखर काठावर, चरबी काठाच्या पलीकडे, आणि कंबर डॉक्टरीणबाईंनी स्वतः टेप लावून मोजली होती. तो आकडा त्यांनी मोठ्याने सांगितला नाही, नुसता लिहून घेतला. "तीन महिने देते," त्या म्हणाल्या. "मटण, चिकन बंद. मैदा, साखर, तळलेलं बंद. मासे खा, कडधान्यं खा, पालेभाज्या खा. आकडे उतरले तर उत्तम. नाही उतरले तर गोळी सुरू."

गोळी म्हटल्यावर सर हसले, पण ते हसू घरी पोचेपर्यंत टिकलं नाही. त्यांच्या वडिलांचीही सुरुवात एका गोळीनेच झाली होती. मग दोन झाल्या, मग सुई आली, आणि शेवटी साखरेने उजव्या पायाची दोन बोटं नेली. त्या पायाची मलमपट्टी सहा वर्षं बाईंनीच केली होती. त्यामुळे गोळी हा शब्द त्या घरात कोणी सहज उच्चारत नसे. खरं तर तक्त्यावरची प्रत्येक रेघ सरांनी भीतीनेच मारली होती, पण हे त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्याला त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

"झालं," सरांनी शेवटची टाचणी टोचली. "बघ. दिवसाचे पाच तास. न्याहारी, मधली सुट्टी, दुपार, संध्याकाळ, रात्र. निळी चिठ्ठी मासे, हिरवी भाजी, तपकिरी कडधान्य, पिवळी धान्य. एकच विषय लागोपाठ दोन तास नाही. बांगडा आणि तारली ज्येष्ठ शिक्षक, चांगली चरबी त्यांच्याकडेच, म्हणून त्यांना जास्त तास. सुरमई मोठा मासा, तिच्यात पारा असतो, तिला आठवड्यातून एकदाच बोलवायचं, अर्धवेळ."

"आणि भात?"

"भात बेरका आहे. जरा दुर्लक्ष झालं की संस्थाचालकांच्या भाच्यासारखा जिकडेतिकडे दिसतो. त्याला दोन तास दिलेत आणि वाटी ठरवून दिलीय."

बाईंनी तक्ता नीट पाहिला. पोस्टात त्यांची नजर पत्त्यात काय लिहायचं राहिलंय तेच आधी हेरायची. "यात वार कुठेत? हे नुसतंच दिवस पहिला, दिवस दुसरा, दिवस सहावा."

सर या प्रश्नाची वाटच पाहत होते. दर आठ-पंधरा दिवसांनी सोमवारी काही ना काही सुट्टी निघायची आणि सोमवारचं गणित बुडायचं, म्हणून त्यांनी शाळेतून वारच काढून टाकले होते. शाळेच्या फाटकावर रोज पाटी लागायची, आज दिवस चौथा. मध्ये सुट्टी आली तर दिवस चौथा सुट्टीनंतर भरायचा, कुठला तास बुडायचा नाही. "वार बेभरवशाचे असतात," सर म्हणाले. "दिवसक्रम कधी दगा देत नाही."

"मग आज काय खायचं? आज रविवार."

"रविवारी दिवस नसतो."

"म्हणजे?"

"म्हणजे आज वेळापत्रक लागू नाही," असं म्हणून सर उठले, कोपऱ्यावर गेले आणि भाजलेली अख्खी कोंबडी आणि क्रीमचा केक घेऊन आले. त्यांच्या मनात चोरटेपणा नव्हता. सुट्टीच्या दिवशी शाळेचा फळा कोरा असतो, तसंच हे.

त्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातले बिस्किटांचे दोन डबे, पांढरा पाव, जॅम आणि लोण्याची वडी एका फळीवर काढून ठेवली आणि वर चिठ्ठी लावली: निलंबित.

"फेकणार की काय?" बाई दचकल्या.

"माझ्यापुरतं निलंबित."

"अन्न वाया जाऊ देणार नाही मी," बाई म्हणाल्या आणि बिस्किटाचा डबा उघडला.

*

सोमवारी, दिवस पहिला, तास तिसरा, बांगडा. सर शाळेतून मधल्या सुट्टीत मासळी बाजारात गेले तर सगळी शटर बंद. कट्ट्यावर एक मांजर आणि तिच्या पलीकडे मासेवाली फळ्या धूत बसलेली. ती सरांच्या पहिल्या तुकडीची विद्यार्थिनी. चाळिशी उलटली तरी सर दिसले की हातातलं टाकून उभी राहायची.

"बांगडा?" सरांनी विचारलं.

"सर, आज सोमवार. बाजार बंद असतो."

"मला माहीत नव्हतं."

"मांजरांनापण माहीत आहे, सर," ती बोलून गेली आणि जीभ चावली.

दुसरा कोणी असता तर त्याने तक्त्यात एक चिठ्ठी इकडची तिकडे केली असती. पण सरांचा नियम होता, वर्षाच्या मध्यात वेळापत्रक बदलायचं नसतं, बदली द्यायची असते. ते घरी आले, एक जुनी वही काढली, तिच्यावर "बदली तास" असं लिहिलं आणि पहिली नोंद केली: बांगडा गैरहजर, बदली दोन अंडी, बांगड्याचा एक तास शिल्लक. बुडालेला तास पुढे भरून काढायचा, हाही नियमच.

तेव्हापासून सर रोज दोनदा बाजारात जाऊ लागले. शाळा आणि बाजार गावाच्या दोन टोकांना. सकाळी शाळेआधी हजेरी घ्यायला, संध्याकाळी बदली ठरवायला. हातात वही, कानावर पेन्सिल.

"बांगडा?"

"हजर."

"तारली?"

"गैरहजर, सर. बोटी आल्याच नाहीत."

"कोळंबी?"

"हजर आहे, पण उशिरा आली. जरा वास घेऊन बघा."

"मग तिला बाहेरच उभी कर. सुरमई?"

"सुरमई काल होती, सर. तुम्ही काल नको म्हणालात."

"काल दिवस तिसरा होता. सुरमई दिवस चौथ्याला."

"समुद्राला तुमचा दिवस चौथा कळत नाही, सर," ती अदबीने म्हणाली. तिचं म्हणणं सरांना पटलं नाही. पण त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, कारण तक्रार आली की नोंद करायची असते.

दिवसक्रमाचा स्वभाव असा की तो सुट्ट्यांवर पोसतो. दुसऱ्या आठवड्यात शाळेची पाण्याची टाकी फुटली, दोन दिवस शाळा बंद. "दिवस नाही," सर म्हणाले आणि केक आणला. चौथ्या आठवड्यात तीन दिवस क्रीडास्पर्धा होत्या. शाळा चालू होती, पण तास नव्हते. "तास नाहीत म्हणजे वेळापत्रक स्थगित," सर म्हणाले आणि स्पर्धेच्या मैदानावरून तळलेल्या बटाट्याच्या दोन पुड्या घेऊन आले. सहाव्या आठवड्यात वादळाचा इशारा आला. वादळ आलंच नाही, पण सुट्टी मिळाली आणि कोंबडी आली.

सर मात्र शिस्तीचे. सुट्टी संपली की संपली. घंटा वाजल्यावर मैदानात थांबायचं नाही हे त्यांनी तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. सोमवारी सकाळी फ्रीज उघडला आणि अर्धा केक दिसला तरी ते त्याला ओळख देत नसत.

"अहो, हा केक?"

"आज दिवस दुसरा. मला ओट्स."

"आणि ही अर्धी कोंबडी?"

"काल आली होती. आज तिचा तास नाही."

"वाया जाईल हो," असं म्हणून बाई डब्यात कोंबडी भरून पोस्टात नेत आणि रात्री आल्यावर केक संपवत. मंगळवारपर्यंत फ्रीज स्वच्छ. सरांना वाटे, घरात किती सुरळीत चाललंय.

*

तपासणीला आठ दिवस राहिले तेव्हा सरांनी बदलीची वही उघडली आणि बेरीज केली. रंग उतरला. तीन महिन्यांत माशांचे सतरा तास बुडालेले, पालेभाजीचे नऊ, मुगाचे चार. अभ्यासक्रम अपुरा. परीक्षा तोंडावर. बावीस वर्षांत त्यांच्या हाताखाली कुठल्या वर्गाचा अभ्यासक्रम अपुरा राहिला नव्हता.

"जादा तास घ्यावे लागतील," ते म्हणाले.

"म्हणजे काय करणार?" बाईंनी भीत भीत विचारलं.

"सकाळी सहाला एक, संध्याकाळी साडेसहाला एक. शनिवारी तीन. रविवारीही घ्यायचा, जादा तासांना सुट्टी नसते."

"अहो, औषधाचा डोस चुकला म्हणून कोणी एकदम बाटली पीत नाही."

"हे औषध नाही. हा अभ्यासक्रम आहे."

दुसऱ्या दिवशी मासेवालीने यादी ऐकली आणि टोपली खाली ठेवली. "पाहुणे आलेत का, सर?"

"जादा तास आहेत."

तिने ओले हात फडक्याला पुसले. मग धीर करून म्हणाली, "सर, तुम्हीच सांगायचात, परीक्षेच्या आदल्या रात्री घोकून काही होत नाही. रोजचं रोज करा."

"ते विद्यार्थ्यांसाठी," सर म्हणाले.

त्या आठवड्यात घराचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. पहिल्या दिवशी दारात एक मांजर आलं, तिसऱ्या दिवशी सहा, पाचव्या दिवशी अकरा, आणि सकाळी सहाला सर ओट्याजवळ उभे राहिले की सगळी अंगणात ओळीने बसू लागली. शिक्षकांच्या खोलीत भूगोलाच्या बाईंनी आपली खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली. खुद्द सरांची अवस्था बिकट होती. बांगड्याचा तुकडा घशाखाली उतरताना त्यांचे डोळे भरून येत. पण ते मागे हटले नाहीत. प्रत्येक तास झाला की वहीत बरोबरची खूण करत आणि काटे अंगणात टाकत. रात्री कूस बदलता बदलता एकदा ते बाईंना म्हणाले, "मला गोळी नको गं. बाबांचा पाय मला अजून दिसतो." बाईंनी त्यांच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नाही लागणार. झोपा आता." एवढंच, पण सरांना लगेच झोप लागली.

तपासणीच्या दिवशी सकाळी वहीत शेवटचा एक तास उरला होता. तारली दोन आणि अर्धी वाटी पालक. सहा वाजता सरांनी तो पूर्ण केला, वहीखाली दुहेरी रेघ ओढली आणि विजयी मुद्रेने बाईंना म्हणाले, "चल. शंभर टक्के अभ्यासक्रम." बाई नुकत्याच उठल्या होत्या. परस्पर पोस्टात जायचं म्हणून त्या तशाच उपाशी निघाल्या. मागोमाग दोन मांजरं निघाली.

लॅबमध्ये सुई हातात घेतलेल्या ताईने विचारलं, "सर, पोट रिकामं आहे ना? बारा तास?"

"रिकामं कशाला असेल?"

"चिठ्ठीवर लिहिलंय की. रिकाम्या पोटी."

चिठ्ठीवर खरंच लिहिलं होतं, ठळक. पण सरांना सूचना वाचायची सवय नव्हती. आयुष्यभर ते सूचना लिहीतच आले होते.

"आता उद्या या," ताई म्हणाली. "आजचा नंबर गेला."

"वाया?" बाईंनी विचारलं.

"वायाच की."

बाईंनी पर्स सरांच्या हातात दिली आणि खुर्चीत बसून बाही वर केली. "मी उपाशी आहे. माझं घ्या. उगाच नंबर वाया कशाला घालवायचा?"

*

सरांनी दुसऱ्या दिवशी जाऊन रक्त दिलं आणि शनिवारी दुपारी दोघं डॉक्टरीणबाईंसमोर बसले. सरांनी बदलीची वही, सुट्ट्यांतल्या खाण्याच्या नोंदींसकट, त्यांच्यापुढे उघडून ठेवली होती. डॉक्टरीणबाईंनी पहिला रिपोर्ट उघडला, टेप घेतला, कंबर मोजली, आणि या वेळी आकडा मोठ्याने सांगितला.

"दोन इंच कमी. चरबी उतरलीय. साखरही उतरलीय. पास, सर. गोळी नको."

सरांनी डोळे मिटले. मग उघडले आणि विचारलं, "किती टक्के?"

"काठावर पास. आता मला सांगा, रोज चालता किती?"

"चालत नाही. बाजारात हजेरीला जातो. सकाळ-संध्याकाळ."

"किती अंतर?"

"सगळं धरून सहा किलोमीटर."

"चालण्याने तारलं तुम्हाला. मासे मदतीला होतेच. पण ते रविवारचं आणि सुट्टीचं जे काही तुम्ही वहीत लिहिलंय, ते पुन्हा नको."

यातलं पहिलं वाक्य सरांनी ऐकलंच नाही. ते बाईंकडे वळले. बावीस वर्षांचा अभिमान अधिक तीन महिन्यांचा, असा एकत्र अभिमान त्यांच्या तोंडावर पसरला होता. "सांगितलं नव्हतं? वेळापत्रक कधी..."

"आणि हा दुसरा रिपोर्ट कोणाचा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझा आहे तो," बाई हसल्या. "नंबर वाया जात होता म्हणून दिलं रक्त."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. "बाई, तुमची साखर सरांच्या तीन महिन्यांपूर्वीच्या साखरेपेक्षा जास्त आहे. काय खाता तुम्ही?"

बाईंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मी वेगळं काहीच खात नाही. यांचं उरलेलं तेवढं संपवते."

सरांच्या डोळ्यांसमोर बिस्किटांचे दोन डबे आले. जॅम, लोणी. बारा रविवारच्या बारा अर्ध्या कोंबड्या. टाकीच्या सुट्टीचा केक, वादळाची कोंबडी. त्यांची सुट्टी एका दिवसात संपत होती आणि तिथून बाईंची सुरू होत होती, मंगळवारपर्यंत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि दिवा त्यांनी स्वतः फूटपट्टी लावून लावला होता. सरांना भीती वाटली. स्वतःच्या आकड्यांची जेवढी वाटली होती तिच्या दुप्पट.

"डॉक्टर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज वर्गातला नव्हता, "चूक माझी आहे. मी एकाच वर्गाचं वेळापत्रक लावलं. घरात वर्ग दोन आहेत."

"तीन महिने देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोघांना."

*

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवणाच्या टेबलावर पुन्हा तक्ता, फूटपट्टी, टाचण्या. या वेळी सर एकटे नव्हते. शेजारी बाई बसल्या होत्या, आणि खोडरबर त्यांच्या हातात होतं.

"मला बांगडा आवडत नाही," बाई म्हणाल्या.

"तुला रावस."

"आणि सोमवारी मासे नाहीत. बाजार बंद असतो."

सरांनी दिवस पहिल्यापुढे सोमवार असं लिहिलं आणि तिथली निळी चिठ्ठी स्वतःच्या हाताने काढली. बावीस वर्षांत पहिल्यांदा वेळापत्रकात वार आला.

"जादा तास नाहीत."

"नाहीत."

"सकाळच्या हजेरीला मीपण येणार. चालत."

"ये ना," सर म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलं.

"आणि रविवारी?"

सरांनी तक्त्याला उजवीकडे एक रकाना वाढवला. वर लिहिलं, दिवस सातवा. मग उठून त्यांनी फ्रीज उघडला. आत परवाच्या सुट्टीचा अर्धा केक होता. दोघंही त्याच्याकडे पाहत राहिले.

"वाया जाईल हो," बाई हळूच म्हणाल्या.

सरांनी डबा उचलला, अंगणात नेला आणि ओळीने बसलेल्या मांजरांपुढे ठेवला. पहिल्या मांजराने वास घेतला आणि तोंड फिरवलं. दुसऱ्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. अकराच्या अकरा मांजरं केककडे पाठ करून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसली. अभ्यासक्रम खऱ्या अर्थाने त्यांनीच पूर्ण केला होता.

बाई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. केकवर मुंग्या यायला लागल्या. बाईंचा हात एकदा पुढे झाला, मग त्यांनी तो पदराला पुसला.

"जाऊ दे वाया," त्या म्हणाल्या आणि पायात चपला सरकवल्या. "चला, बाजार उघडला असेल."